तुडूम राखणारा कैलाश

कैलाश कापगतेचा फोटो माझ्या बकऱ्यांच्या कोठ्यावर आहे. लहानसहान नाही, चांगला खाटेएवढा. अंगात लग्नातला कोट, केस तेल लावून चापून बसवलेले, तोंडभर हसू. पाऊस आला की त्याच्या गालांवरून पाणी ओघळतं आणि खाली माझ्या तीन बकऱ्या कोरड्या राहतात. वाटेनं जाणारा नवीन माणूस थांबून विचारतो, "आजी, हा कोण पुढारी?"

"पुढारी नाही बापा, आमचा पाणकर आहे. बसा, सांगते."

पण आता बसायला कोणाला वेळ आहे? म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यातही कापणीच्या दिवसांत बुडाली ती बुडालीच. चुकेल तिथं सुधारून वाचा.

आमचं गाव एकोडीपासून कोसभर. सारी शेती धानाची आणि सारं धान तलावाच्या भरवशावर. तलाव किती जुना ते कोणाला ठाऊक नाही. आमचे सरपंच मधुकरराव तेवढे सांगतात, आणि दर वेळी वेगळं सांगतात. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, दगडी तुडूम आहे. तुडूम म्हणजे तलावाचं दार समजा. एकाखाली एक पाच भोकं, प्रत्येकात लाकडाचं बूच ठोकलेलं. पाणी उतरत जाईल तसं खालचं बूच काढायचं, की पाणी पाळीखालून नहरात येतं आणि नहरातून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये. वरची दोन बुचं कोणीही काढील. खालची तीन पाण्याच्या आत असतात. तिथं बुडी मारून, श्वास धरून, बोटांनी चाचपत बूच काढावं लागतं. काढण्यापेक्षा लावणं कठीण. पाणी आत ओढत असतं; त्या ओढीत बुचाला तणस, म्हणजे धानाची वाळलेली काडं, गुंडाळून भोकात धरायचं आणि दगडानं ठोकायचं. हे काम करतो तो पाणकर. आज कोणाच्या बांधीला पाणी, उद्या कोणाच्या, हेही त्याच्याच हातात. मळणी झाली की घराघरातून त्याच्या वाट्याचं धान त्याला जातं.

कैलाशचा बापही पाणकर होता. त्यानं पोराला आधी श्वास धरायला शिकवलं, पोहायला मागून. दहा-बारा वर्षांचा असताना कैलाश तलावात बुडी मारायचा आणि आम्ही बायका पाळीवर कपडे धुता धुता मोजायचो. माझी मोजणी साठाच्या पुढं गेली की मी ओरडायची, "अरे कोणी पाहा रे!" तेवढ्यात तो माझ्याच बादलीजवळ डोकं काढायचा आणि दात काढून हसायचा.

असा पोरगा दारूत कसा बुडाला? लोक म्हणतात संगत. मी सांगते, संगत आमचीच होती. पाण्याची पाळी लवकर पाहिजे असली की आमच्या गावात पाणकराला बाटली न्यायची. कोणी ठरवलेलं नाही, पण रीत पडली होती. "थंड पाण्यात उतरून राहिला ना गा, घे, अंगात गर्मी येईल." कोणी मोहाची नेली, कोणी दुकानातली. माझी दोन बांध्यांची शेती नहराच्या शेवटाला. पाणी येता येता माझ्यापर्यंत येतच नाही. मीही बाटली दिली आहे. एकदा दिली असं म्हटलं तर खोटं होईल. साडीच्या पदराखाली झाकून नेली, त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या धानाला पाणी पाहून खूश झाली. असं पंधरा वर्षं सारं गाव त्याला पाजत गेलं. पुढं पुढं पाळी नसतानाही त्याला लागायला लागली. सकाळी हात कापायचे. तुडुमात उतरायच्या आधी घोटभर घेतली की हात थांबायचे. घरी बायको रेणू आणि लेक अपेक्षा. त्या दोघींनी काय काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दोन वर्षं झाली. दसरा होऊन गेला होता, पाऊस गेला होता, भारी धान, म्हणजे उशिरा पिकणारं, निसवत होतं. लोंबी बाहेर पडते ना, त्याच दिवसांत धानाला पाणी लागतं. नाही मिळालं तर दाणा भरत नाही. कैलाशनं दुपारी सर्वांत खालचं बूच काढलं आणि कोणाची तरी बाटली घेऊन पाळीखालच्या झुडपात बसला. तिथंच झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका धुणं घेऊन गेल्या तर तलावात चिखल आणि चिखलात मासे तडफडताना. सारं पाणी वाया गेलं, नाल्याला लागलं. त्या साली गावातलं अर्धं धान पोचट निघालं. मळणीला वारा आला तर रास उडून जायची, इतकं हलकं.

लोकांनी त्याला मारलं नाही, हे लोकांचं चांगलं. मधुकररावांनी तुडुमाचं काम त्यांच्या पुतण्याकडे, अंकुशकडे दिलं. आणि कैलाशच्या साळ्यांनी येऊन त्याला घरात कोंडला. गळ्यात माळ घातली, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून जन्मभराची शपथ घ्यायला लावली. "तीन दिवस बंद ठेवा, आपोआप सुटते," असं साऱ्यांचं मत पडलं. माझंही पडलं.

तिसऱ्या दिवशी त्याला झटके आले. दात बसले, डोळे फिरले, भिंतीवर मुंग्या चालून राहिल्या म्हणून ओरडायला लागला. लोक म्हणाले, अंगात आलं. मी धावत घरून लिंबू घेऊन गेली. अपेक्षा तेव्हा सातवीत होती. तिनं माझ्या हातातल्या लिंबाकडं पाहिलं आणि शेजारच्या घरून फोन करून गाडी बोलावली. साकोली, तिथून भंडारा. दवाखान्यातला डॉक्टर रेणूला म्हणाला, "जुनी दारू अशी एकदम तोडू नका. शरीर उलटतं, माणूस जातोसुद्धा. औषधाच्या आधारानं उतरवावी लागते." माझं लिंबू दोन दिवस खिडकीत पडून होतं. मग त्याचं लोणचं घातलं.

दवाखान्यातून त्याला भंडाऱ्यातल्याच व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. महिन्याभरानं परत आला तर आमच्या गावानं काय केलं? फ्लेक्स लावला! बसथांब्यावर, दोन खांबांच्या मधात. "दारूमुक्त झाल्याबद्दल श्री. कैलाश कापगते यांचे हार्दिक अभिनंदन." बाजूला मधुकररावांचा फोटो, त्याच्यापेक्षा थोडा मोठा. गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा, घराघरात पाहुणे. मंडईच्या स्टेजवर बोलावून शाल, नारळ, हार. मीही टाळ्या वाजवल्या. कैलाश हातात नारळ घेऊन उभा होता, मान खाली. जणू त्याचीच पूजा मांडली आहे.

नंतर त्यानं मला सांगितलं, "आजी, त्या फ्लेक्सखालून जाताना मले वाटे, हा वरचा माणूस सुटलेला आहे. मी तो नाही. माह्या अंगात तर रोज संध्याकाळी आग लागते. पण सांगू कोणाले? सारे म्हणत, काय हिरो!"

एकोणीस दिवस टिकला. विसाव्या दिवशी बसथांब्यावर एक जण म्हणाला, "आता तर सुटली ना गा तुही, एकदा घेऊन काय होते?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी बकऱ्या सोडून त्या बाजूनं चालली होती. पाहते तर वर कोटातला कैलाश हसून राहिला आणि खाली मातीत कैलाश पडलेला. शाळेची पोरं वरही बोट दाखवत होती आणि खालीही. तेवढ्यात अपेक्षा आली, दप्तर पाठीवर. माझ्या कमरेचा विळा मागितला, खांबावर चढली, फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या आणि खाली उतरून त्याच फ्लेक्सनं बापाला पायापासून डोक्यापर्यंत झाकून टाकला. मग पोरांकडं वळून म्हणाली, "पाहणं झालं असंल तर चला शाळेत, घंटी होऊन राहिली."

तो उठला तेव्हा दुपार होती. फ्लेक्स बाजूला केला. मी बाजूच्या ओट्यावर बसली होती. मला म्हणाला, "आजी, हे कोणी टाकलं माह्या अंगावर?"

"तुह्या लेकीनं."

घरी गेला, पिशवीत दोन कपडे घातले आणि भंडाऱ्याला जायला चारच्या गाडीत बसला. पहिल्या वेळी त्याला गाडीत टाकून नेलं होतं. या वेळी कोणी म्हटलं नाही, कोणी नेलं नाही, निरोपाला कोणी उभं नाही. पडलेला माणूस स्वतःच्या पायानं परत त्याच दारात जातो आणि सांगतो, मी पडलो. मला विचाराल तर त्याचा सत्कार त्या दिवशी करायला पाहिजे होता. पण त्या दिवशी फ्लेक्स माझ्या ओट्यावर पडला होता. अपेक्षानंच आणून दिला. "आजी, कोठ्यावर टाका. फोटो खालती करून." मी तसाच घातला होता, पण खालच्या बाजूनं पाणी धरायला लागलं. म्हणून उलटवला. बकऱ्यांसाठी हो.

परत आला तेव्हा कोणाला पत्ता लागला नाही. सकाळी नहरातला गाळ काढताना दिसला, बस. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी काही देणार नव्हतं. साऱ्या उन्हाळ्यात त्यानं नहर साफ केला, थेट शेवटापर्यंत, माझ्या बांधीपर्यंत. चैतात मोहाची फुलं पडतात, दारू होते तीच, तेव्हा गावभर तो गोड वास. त्या पंधरा दिवसांत तो गावातून जात नव्हता, शेताशेतानं फिरून यायचा. आणि दर गुरुवारी भंडारा. मोनिका मॅडम म्हणून तिथं एक समुपदेशक आहेत. समुपदेशक म्हणजे औषध न देता बोलून इलाज करणारी. मला वाटलं, बोलून दारू सुटली असती तर आमच्या गावातल्या बायकांनी साऱ्या जिल्ह्याची सोडवली असती.

एका गुरुवारी घरच्या माणसाला बोलावलं होतं. धानाचे रोवणे सुरू होते, रेणूला मजुरी सोडून जाता येईना. ती माझ्याकडे आली, "आजी, तुम्ही जाता का जी?" मी म्हटलं, चला, भंडारा पाहणं होईल.

तिथं गोल करून बसवतात. वीसेक माणसं, कोणाची बायको, कोणाची माय. मोनिका मॅडम माझ्या नातीएवढी पोरगी, पण साऱ्यांना अहो-जाहो. प्रत्येकाला बोलायला लावते. माझ्यावर पाळी आली तेव्हा माझ्या कमरेतून गुडाखूची, म्हणजे दातांना लावायच्या तंबाखूची, डबी खाली पडली. साऱ्यांनी पाहिलं.

"आजी, तुम्हाला काही सवय आहे का?" मॅडम म्हणाली.

"नाही वं माय. दात घासते."

"दिवसातून किती वेळा घासता?"

खोटं बोलायला जाणार होती, पण कैलाश समोरच बसला होता. म्हटलं, "आठ-दहा वेळा."

"आणि दात किती आहेत?"

"चार."

सारं वर्तुळ हसलं. कैलाशही हसला, डोकं मागं टाकून, जसा लहानपणी तलावातून बाहेर निघून हसायचा तसा. किती वर्षांनी पाहिलं मी ते. मॅडमही हसली, मग म्हणाली, "तुम्ही कैलाशभाऊंच्या कोण?"

मला काय झालं कोण जाणे. पदरानं तोंड पुसलं आणि म्हटलं, "त्याले पाजणाऱ्यांपैकी एक." मग सारं सांगितलं. पाण्याची पाळी, बाटली, पदर, सारं. कोणी हसलं नाही. कैलाश खाली पाहून नखानं सतरंजी कोरत होता. येताना एसटीत त्यानं मला खिडकीची जागा दिली. साकोलीला उतरताना म्हणाला, "आजी, तुम्ही एकट्याच बोलल्या. बाकीचे तर म्हणतात, हा जन्मताच असा."

मी विचारलं, "त्या पोरीनं तुले शिकवलं तरी काय?"

"जन्मभराचं नाही म्हणायचं. जन्मभर म्हणलं की छाती दडपते, आजी. शपथ घेतली होती ना, त्याच रात्री वाटलं, आता मरेपर्यंत काय करू? मॅडम म्हणतात, फक्त आज नाही. उद्याचं उद्या. आणि हात सुटते असं वाटलं तर सुटायच्या आधी ये. सुटल्यावर तर सारेच येतात."

त्या वर्षीचा पाऊस बरा झाला, तलाव भरला. पण अंकुशला खालची बुचं जमेनात. तो काठावर मोबाईल ठेवून उतरायचा आणि लगेच वर. चौथं बूच निघालं ते परत बसलं नाही, पाणी झिरपत राहिलं. पाचवं तर त्याच्यानं हललं नाही. दसऱ्याला भारी धान निसवायला आलं आणि शेवटाच्या शेतांत भेगा. दुसऱ्याही साली धान गेलं तर लोकांनी खायचं काय? मधुकररावांनी पाळीवरच्या पिंपळाखाली बैठक बोलावली.

सारे बोलून झाले, नाव मात्र कोणी घेईना. शेवटी अंकुशच म्हणाला, "काका, कैलाशभाऊले द्या. माह्यानं होत नाही."

मधुकरराव खाकरले. "देऊ ना. आपलं मन मोठं आहे. पण लेखी द्यावं लागंल, स्टॅम्पावर. पिणार नाही म्हणून."

कैलाश मागं उभा होता. म्हणाला, "लेखी नका घेऊ जी. लिहून देणारा मीच, पिणाराही मीच. दोन गोष्टी करा. पाळीवर कोणी बाटली आणायची नाही, आणणाऱ्याची पाळी जाईल. आणि एक माणूस द्या, ज्याले मी रोज सकाळी तोंड दाखवीन. ज्या दिवशी नाही दाखवलं, त्या दिवशी तुडूम काढून घ्या. विचारू पण नका."

"रेणू आहे ना," कोणी म्हणालं.

रेणू बायकांत बसली होती. तिथूनच बोलली, "मी नाही. मी पोलीस झाली तर याची बायको कोण होईल?"

गिरजाबाई आमची शेजारीण, जिभेची तिखट. ती म्हणाली, "शेवंताबुढीले द्या ना. थे तशीही सूर्य उगवाच्या आधीपासून अंगणात दात घासत बसते. येणारा-जाणारा चुकत नाही तिच्या नजरेतून."

बैठक हसली आणि माझी नेमणूक झाली.

दुसऱ्या दिवसापासून कैलाश सकाळी माझ्या अंगणात. आधी मला तोंड दाखवायचं, मग तुडूम. कुंपणाजवळ उभा राहून म्हणायचा, "आजी, आज नाही."

मी म्हणायची, "बरं."

एवढंच. पहिल्या दिवशी त्यानं चौथं आणि पाचवं, दोन्ही बुचं नीट केली. सारं गाव पाळीवर. तो खाली गेला आणि मी सवयीनं मोजायला लागली. सत्तर झाले. रेणूनं माझा हात धरला. मग पाणी थोडं ढवळलं आणि नहरात धार सुटली. वर आला तेव्हा दोन्ही हात वर केले. एकही बोट कापत नव्हतं. तीन दिवसांत पाणी माझ्या बांधीत आलं, बाटलीशिवाय.

यंदासारखी दिवाळी त्या साली लवकर आली आणि मंडईही लवकर. भारी धानाचं शेवटचं पाणी अजून बाकी होतं. मंडईच्या दिवशी घराघरात पाहुणे, सकाळपासून बाटल्या, खालच्या गल्लीत गाणी. मी अंगणात बसली. ऊन चढलं. कैलाश आला नाही.

गुडाखूची डबी दोनदा उघडली, दोनदा बंद केली. रेणूकडे गेली तर घराला कडी. ती भावाच्या गावी गेली होती, अपेक्षाही सोबत. कैलाशचा फोन लावायला गिरजाबाईला सांगितलं. बंद. गिरजाबाई कुजबुजली, "मी म्हणलं नव्हतं? मंडईत कोणता पिणारा टिकते?"

नियम त्याचाच होता. दिसला नाही तर तुडूम काढून घ्या. मला मधुकररावांना सांगायला जायचं होतं. पण माझे पाय आधी पाळीकडे वळले. काठी टेकत गेली. झुडपात पाहिलं, गेल्या वेळी पडला होता तिथं. कोणी नाही. मग नहरात पाहिलं आणि थांबली. नहर कोरडा. धार नाही, झिरपणंही नाही. ठोकायचा दगड पिंपळाच्या फांदीच्या बेचक्यात, त्याच्या नेहमीच्या जागी. बाजूला तणसाचा पेंढा, ओला होऊ नये म्हणून वर पान झाकलेलं.

तेवढ्यात मधुकरराव आले, मागं चार-पाच शेतकरी. त्यांच्या बांध्यांना त्या दिवशी पाणी येणार होतं आणि आलं नव्हतं.

"बोल शेवंताबाई. आला होता का सकाळी?"

"नाही आला."

"झालं तर मग." मधुकरराव वळले. "अंकुश, तू घे. बसला असंल कुठं मंडईत ढोसत."

"एक मिनिट, मधुकरराव," मी म्हटलं. "तुडूम बंद आहे. पिवाले गेलेला माणूस बूच ठोकून, दगड ठेवून, तणस झाकून जात नाही. मागच्या साली खुल्लं ठेवून गेल्ता. आठवते ना?"

"मग गेला कुठं?"

"ते मले नाही माहीत. पण बंद करून गेला. अंकुश, पाहून ये रे पोरा."

अंकुश उतरला. वर आला तेव्हा धापा टाकत म्हणाला, "काका, पाचही बुचं घट्ट आहेत. नवीन तणस गुंडाळली. असं बसवणं माह्यानं तर नाही होत."

मधुकरराव पिंपळाखाली बसले. मिशीवर हात फिरवला. "भंडाऱ्याले गेला असंल तर येईल. चारच्या गाडीपर्यंत थांबतो. मग नाही थांबणार."

ती दुपार मला लांब गेली. गल्लीतलं गाणं ऐकू यायचं, कोणी मटण-भाकरीचं बोलावणं घेऊन आलं, कोणी उठलं नाही. मी मनात त्याला शिव्याही दिल्या. म्हटलं, कैलाश, माझ्यासारख्या बुढीला साऱ्या गावासमोर खोटं पाडशील तर बघ.

चारची गाडी साडेचारला आली. उतरला. एकटाच. हातात औषधाची कागदी पिशवी. पाळीवरची गर्दी पाहून त्याची चाल मंद झाली, पण आला सरळ. मधुकररावांच्या समोर आला तसे मधुकरराव उठले, त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि दोनदा श्वास घेतला.

"चहा," ते म्हणाले. "आलं घातलेला."

"मॅडमनी दिला जी." मग माझ्याकडं वळला. "आजी, चुकलं माहं. तुमच्या घरी याले निघालो होतो. पण तुमच्या वाटेवर आज पाच घरी पाहुणे, पाचही जण हात धरणार. पहिल्या घरच्यानं हाक मारली आणि माहे पाय थांबले. चांगलं दिसून राहिलं मले, की आज मी जातो. मग मागं फिरलो. तुडूम ठोकलं आणि शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं सडकेवर जाऊन गाडीत बसलो. मॅडमकडं फोन बंद ठेवा लागते. कोणाले सांगायचं राहिलं."

तो शेतकऱ्यांकडं वळला. "तुमचं एक दिवसाचं पाणी मागं पडलं. नियमानं आता तुडूम तुमचं. म्हणाल त्याले द्या."

ज्याच्या बांधीचं पाणी मागं पडलं होतं तोच शेतकरी म्हणाला, "अबे, धान एक दिवस थांबते. तू उतर ना आता पाण्यात, उजेड आहे तवा."

कैलाशनं शर्ट काढून माझ्या हातात दिला. उतरायच्या आधी म्हणाला, "आजी, आज नाही."

"बरं," मी म्हटलं.

तो खाली गेला. मी मोजत होती, मधुकररावही ओठ हलवत होते. पाणी सुटलं आणि त्या उजेडात नहरातून खाली धावत गेलं, शेवटाच्या बांध्यांकडं. मधुकरराव डोळे पुसून म्हणाले, "या वेळी मोठा फ्लेक्स लावू. साकोलीवरून छापून आणू."

कैलाश पायऱ्यांवर बसून अंग पुसत होता. "नको जी. एक आहे ना, आजीच्या बकऱ्यायले पुरते."

त्या साली धान भरलं. यंदाही भरून राहिलं आहे. कैलाश अजून रोज सकाळी येतो, दर गुरुवारऐवजी आता महिन्यातून एकदा भंडाऱ्याला जातो. गेल्या पोळ्यापासून त्याच्यासोबत गावातले आणखी दोन जण जातात. पहिल्या दिवशी त्यांना न्यायला तोच त्यांच्या घरी जाऊन बसला होता. आणि आताशा कुंपणाजवळ "आजी, आज नाही" म्हणून झालं की तो निघत नाही, तिथंच उभा राहतो.

"आणि तुमचं, आजी?"

मी डबी पदरात घालते. दहाची चारवर आली आहे, त्याला ठाऊक आहे, तरी विचारतो.

"जा ना बापा," मी म्हणते, "तिकडं तुडूम वाट पाहून राहिलं."